‘वाद नको’ या सल्ल्याविरुद्ध

वसई-विरार, मुंबईची उपनगरे, गोवा. कॅथलिक वस्ती जिथे दाट आहे तिथे एक सल्ला वर्षानुवर्षे दिला जातो. बिलिव्हर्स, म्हणजे नव्या स्वतंत्र मंडळ्यांची माणसे, दारात आली तर हात जोडून परत पाठवा. त्यांची पत्रके घेऊ नका. शेजारी मेथॉडिस्ट असो की कचेरीतला सहकारी सीएनआयचा (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), धर्माचा विषय निघाला की दुसरे काहीतरी काढा. वाद नको. सल्ला देणारी माणसे चांगली आहेत. काही फादर आहेत, रविवारी मुलांना धर्मशिक्षण देणाऱ्या बाई आहेत, पोटचा मुलगा दुसऱ्या मंडळीत गेला म्हणून मनातून खचलेल्या आया आहेत. त्यांचे दुःख मी जवळून पाहिले आहे आणि तरीही सांगतो, हा सल्ला चुकीचा आहे. तो कॅथलिक परंपरेला शोभत नाही, आणि ज्यांना वाचवण्यासाठी तो दिला जातो त्यांनाच तो उघड्यावर टाकतो.

त्यांची बाजू आधी पूर्ण मांडली पाहिजे. ते म्हणतात, सामान्य भाविकाला बायबलची वचने तोंडपाठ नसतात, समोरचा मात्र तयारीनिशी आलेला असतो. आपला माणूस हरणार आणि हरला की डळमळणार. ते म्हणतात, चुकीच्या शिकवणुकीशी चर्चेला बसणे म्हणजे तिला बरोबरीचा मान देणे. आणि ते असेही म्हणतात की २०११ च्या जनगणनेनुसार देशात ख्रिस्ती माणसे जेमतेम २.३ टक्के, त्यांनी एकमेकांच्या चुका काढत बसायचे, हे कोणाच्या हिताचे? या भूमिकेला इतिहासाचा आधारही आहे. १९२८ साली पोप अकरावे पायस यांनी ‘मोर्तालियुम आनिमोस’ या परिपत्रकातून कॅथलिकांना आंतरपंथीय परिषदांपासून दूर राहायला सांगितले होते. निषिद्ध पुस्तकांची यादी १९६६ पर्यंत लागू होती. एखाद्या आजीने नातवाला प्रॉटेस्टंट पुस्तक खाली ठेवायला सांगितले असेल, तर ती चर्चचाच शब्द पाळत होती.

सामान्य माणसाची तयारी नसते म्हणून त्याला लांब ठेवा, असे म्हणताना आपण धरून चालतो की प्रश्न बाहेरून येतो आणि दार लावले की बाहेरच राहतो. आज प्रश्न घरातच आहे. वडील वारतात. महिन्याच्या मिस्सेसाठी नाव द्यायला मोठा भाऊ चर्चमध्ये निघतो आणि प्रार्थनासभेला जाऊ लागलेली धाकटी बहीण म्हणते, गेलेल्या माणसासाठी प्रार्थना कशाला? बाबांचा निकाल देवाने केव्हाच लावला. बायबलमध्ये हे कुठे आहे ते दाखव. भावाला ‘वाद नको’ एवढेच शिकवलेले. तो गप्प बसतो, नाहीतर ओरडतो. दोन्हींचा अर्थ ती एकच घेते: यांच्याकडे उत्तर नाही.

उत्तर आहे. मक्काबी ग्रंथाच्या दुसऱ्या भागात, बाराव्या अध्यायात, यहुदा मक्काबी युद्धात पडलेल्या आपल्या सैनिकांच्या पापांसाठी यरुशलेमला अर्पण पाठवतो आणि ग्रंथकार त्याची वाखाणणी करतो. बहीण म्हणेल, हा ग्रंथ आमच्या बायबलात नाही. खरे आहे, आणि तो का नाही हे भावाला ठाऊक हवे. कॅथलिक बायबलात ७३ ग्रंथ आहेत, प्रॉटेस्टंट बायबलात ६६. मार्टिन ल्यूथरने १५३४ च्या आपल्या जर्मन बायबलातून हे जादा ग्रंथ काढून टाकले नव्हते. वाचायला उपयुक्त पण पवित्र शास्त्राच्या तोडीचे नाहीत असे म्हणून जुन्या आणि नव्या कराराच्या मध्ये वेगळे ठेवले होते. इथे कॅथलिकाने आपल्या बाजूची अडचणही सांगितली पाहिजे. लॅटिन बायबल देणारे संत जेरोम यांनाही या ग्रंथांच्या दर्जाविषयी शंका होती, आणि चर्चने यादीवर निर्णायक शिक्का मारला तो १५४६ साली, ट्रेंटच्या परिषदेत. पण मृतांसाठीची प्रार्थना त्या यादीवर टांगलेली नाही. संत ऑगस्टीन यांनी आपल्या आत्मकथनात आई मोनिकाच्या मरणाचा प्रसंग लिहिला आहे. देह कुठेही पुरला तरी तिची हरकत नव्हती. वेदीपाशी आपली आठवण व्हावी एवढीच तिची मागणी होती. मुलाने तिच्यासाठी प्रार्थना केली आणि वाचकांनाही करायला सांगितली. हे चौथ्या शतकाच्या अखेरचे आहे. ल्यूथर त्याच ऑगस्टीनच्या नावाच्या संघातला संन्यासी होता, आणि कॅल्व्हिनने आधाराला घेतलेल्या प्राचीन लेखकांत ऑगस्टीनच सर्वांत पुढे आहे. मग बहिणीला विचारता येते: ज्याच्याकडून तुमच्या परंपरेने कृपेची शिकवण घेतली तो आईसाठी प्रार्थना करताना चुकला, असे तुझे म्हणणे आहे का? ती हो म्हणू शकते. तसे म्हणायला प्रॉटेस्टंट ईश्वरशास्त्रात कारणेही आहेत. पण आता दोन्ही भावंडे खऱ्या मुद्द्यावर बोलत आहेत.

भावाने आणखी एक गोष्ट मान्य करायची आहे, आणि ती मान्य करताना त्याच्या श्रद्धेला काही धक्का लागत नाही. १५१७ साली योहान टेट्झेल जर्मनीत पैसे घेऊन इंडल्जन्स, म्हणजे पापाच्या शिक्षेतून सूट, वाटत फिरत होता, रोममधल्या सेंट पीटरच्या बांधकामासाठी. त्याविरुद्ध ल्यूथरने उठवलेला आवाज रास्त होता. हे मी एकटा म्हणत नाही. ट्रेंटच्या परिषदेने १५६३ मध्ये या व्यवहारातल्या कमाईचा निषेध केला आणि १५६७ मध्ये पाचव्या पायस यांनी पैशाशी जोडलेले सगळे इंडल्जन्स रद्द केले. टीकाकाराचे जे बरोबर होते ते चर्चनेच अखेर कायद्यात उतरवले. एवढे सांगून मग शुद्धिस्थानाची, म्हणजे मृतांना स्वर्गाआधी लागणाऱ्या शुद्धीची, शिकवण मांडली तर बहीण ऐकेल तरी.

मरियेचा प्रश्न याहून नाजूक आहे. सप्टेंबरात वांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेला जा. बाहेर मेणाचे हात, पाय, बाळ, घर विकायला असते. ज्याची जी गरज, ते घेऊन तो मातेपुढे ठेवतो. एखादा बाप्टिस्ट हे पाहतो आणि त्याला तीमथ्याला लिहिलेले पहिले पत्र आठवते, जिथे देव आणि माणूस यांच्यामध्ये एकच मध्यस्थ सांगितला आहे. तो विचारतो, मग ही दुसरी मध्यस्थ कुठून आली? हा आक्षेप द्वेषातून येत नाही. ख्रिस्ताचा मान कोणी वाटून घेऊ नये ही त्यामागची तळमळ आहे, आणि ती कॅथलिकाच्या मनातही तितकीच असायला हवी. ‘तुम्ही आमच्या आईचा अपमान करता’ असे म्हटले की आक्षेप तसाच राहतो आणि माणूस तेवढा दुखावतो.

मुद्द्याचे बोलायचे तर असे. बाप्टिस्ट स्वतः आजारी पडला की पास्टरला बोलावतो आणि माझ्यासाठी प्रार्थना करा म्हणतो. त्याने पास्टर ख्रिस्ताच्या जागी बसत नाही, हे तो मान्य करतो. मग मरियेला प्रार्थना कर म्हणण्यात ख्रिस्ताची जागा जाते कशी? यावर त्याचे खरे उत्तर असे असते की पास्टर जिवंत आहे, मरिया या जगात नाही, ती ऐकते कशावरून? मतभेदाचे मूळ इथे आहे. मृत्यूने ख्रिस्ताच्या शरीराचे अवयव तुटतात की नाही, हा तो प्रश्न. सदूकी लोकांना उत्तर देताना येशूने अब्राहाम, इसहाक आणि याकोब यांचा देव हा जिवंतांचा देव असल्याचे सांगितले. कॅथलिकाची संतांविषयीची सगळी श्रद्धा त्या उत्तराला धरून आहे. बाप्टिस्ट म्हणेल, ते जिवंत आहेत हे कबूल, पण त्यांच्याशी बोलायला कुठे सांगितले आहे? इथवर आल्यावर दोघांनाही कळते की आपण नेमके कुठे वेगळे होतो.

आणि त्याच्या आक्षेपातले जे आपल्याला लागू आहे ते आपणच आधी उचलले पाहिजे. एखाद्या भाविकाच्या मनात देव कठोर आणि दूरचा, माता तेवढी दयाळू, असे चित्र असेल तर तो कॅथलिक शिकवणुकीपासूनच दूर गेला आहे, आणि तो दोष त्याला शिकवणाऱ्यांचा. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत याच काळजीने मोठा खल झाला. मरियेवर स्वतंत्र दस्तऐवज करावा की चर्चविषयीच्या दस्तऐवजातच तिच्यावर प्रकरण घालावे, यावर २९ ऑक्टोबर १९६३ रोजी मतदान झाले: १,११४ विरुद्ध १,०७४. चाळीस मतांनी मरिया चर्चच्या दस्तऐवजात आली, चर्चच्या वर कुठे वेगळी बसली नाही. त्या प्रकरणात तीमथ्याच्या पत्रातले तेच वचन पुढे ठेवून परिषदेने सांगितले की मरियेचे मातृत्व ख्रिस्ताच्या एकमेव मध्यस्थीतून काही कमी करत नाही, ते त्या मध्यस्थीतूनच येते. नोव्हेंबर २०२५ मध्ये व्हॅटिकनच्या श्रद्धाविषयक विभागाने तर स्पष्ट केले की मरियेला ‘सहतारक’ ही पदवी लावणे योग्य नाही, कारण त्या पदवीने ख्रिस्ताचे कार्य झाकोळते. बाप्टिस्टाची काळजी रोमला कळते. मग ती आपल्या धर्मशिक्षणाच्या वर्गात का उच्चारू नये? तिकडे ल्यूथरने १५२१ साली मरियेच्या स्तोत्रावर सबंध पुस्तक लिहिले आणि देवाने नम्र मुलीवर केलेली कृपा म्हणून तिचा गौरव केला. ते आपल्या मुलांना ठाऊक नाही आणि बहुतेक बिलिव्हर्सनाही नाही.

दुसरा मुद्दा प्रतिष्ठेचा: चुकीच्या मताशी चर्चा केली की त्याची पत वाढते. असे असते तर थॉमस अक्वायनस यांच्याइतका दोषी कोणी नाही. त्यांच्या महाग्रंथातला प्रत्येक प्रश्न विरोधकांच्या आक्षेपांनी सुरू होतो. आक्षेप आधी, तेही असे मांडलेले की वाचणारा क्षणभर त्यांच्याच बाजूला झुकावा. मग स्वतःचे मत. मग एकेका आक्षेपाला उत्तर. चर्चने या माणसाला आपला प्रमुख आचार्य मानले. संत फ्रान्सिस द सेल्स १५९४ मध्ये कॅल्व्हिनपंथीय झालेल्या शाब्ले प्रांतात गेले तेव्हा प्रवचनाला कोणी फिरकेना. त्यांनी पत्रके लिहिली, भिंतींवर लावली, लोकांच्या दाराखालून आत सरकवली. कॅल्व्हिनच्या शिष्यांचे म्हणणे घेऊन त्यांनी एकेका मुद्द्याला उत्तर दिले. त्या मोहिमेच्या पाठीशी सॅव्हॉयच्या ड्यूकची सत्ता होती, हे लपवण्यासारखे नाही. पण फ्रान्सिस यांनी लिहिलेली पाने आजही वाचली जातात ती युक्तिवादासाठी. १९२३ साली त्यांना लेखकांचे आश्रयदाते संत ठरवले गेले. ठरवणारे पोप अकरावे पायस, म्हणजे १९२८ च्या त्या परिपत्रकाचेच लेखक. परिषदेला जाऊ नका म्हणणाऱ्या पोपनेही उत्तर लिहू नका असे कधी म्हटले नव्हते.

आता सर्वांत मोठ्या भांडणाकडे येतो. माणूस देवापुढे नीतिमान ठरतो तो कशाने? याच प्रश्नावर पश्चिमेकडचे चर्च दुभंगले. आजही बिलिव्हर शेजारी कॅथलिकाला पहिले वाक्य हेच ऐकवतो: तुम्ही कर्मांनी तारण मिळवू पाहता, आम्हाला ते कृपेने मिळाले. आणि कॅथलिक, खेदाची गोष्ट, पुष्कळदा हे मान्य करून टाकतो. हो, आम्ही उपवास करतो, दान करतो, मिस्सेला जातो, म्हणून देव आम्हाला स्वर्ग देईल. हे कॅथलिक मत नाही. जानेवारी १५४७ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने या विषयावर जे नियम केले त्यांतला पहिलाच नियम, ख्रिस्ताद्वारे येणाऱ्या देवाच्या कृपेवाचून माणूस स्वतःच्या कर्मांनी नीतिमान ठरू शकतो असे म्हणणाऱ्याचा धिक्कार करतो. केवळ विश्वासाने, दुसऱ्या कशाच्याही सहकार्यावाचून, माणूस नीतिमान ठरतो असे म्हणणाऱ्याचा धिक्कारही त्याच यादीत, नवव्या क्रमांकावर आहे. दोन्ही ठाऊक असलेला कॅथलिक शेजाऱ्याला सांगू शकतो की भांडण तुला वाटते तिथे नाही. कृपा पहिली, हे आपल्या दोघांचे. कृपेने धरलेल्या माणसाच्या आत नेमके काय बदलते, आणि त्याच्या प्रेमाला, त्याच्या कृतीला त्या तारणात काही जागा आहे का, यावर आपण भांडतो. याकोबाचे पत्र मी पुढे करीन, रोमकरांस पत्र तू पुढे कर, आणि दोन्ही आपल्या दोघांच्या बायबलात आहेत.

हे भांडण किती पुढे नेता येते हे जर्मनीत दिसले. १९८० साली पोप दुसरे जॉन पॉल तिथे गेले. त्यानंतर दोन्ही बाजूंच्या अभ्यासकांचा गट बसला. कॅथलिकांकडून कार्ल लेहमान, प्रॉटेस्टंटांकडून वोल्फहार्ट पानेनबर्ग. त्यांनी हातात घेतलेला प्रश्न रोखठोक होता: सोळाव्या शतकात आपण एकमेकांचे जे धिक्कार केले ते आज समोर बसलेल्या माणसाच्या शिकवणुकीला लागू पडतात का? धिक्काराचे एकेक वाक्य घेऊन त्यांनी तपासले आणि १९८६ मध्ये निष्कर्ष मांडले. ते सगळ्यांच्या गळी उतरले असे नाही. पुढे या प्रश्नावर कॅथलिक आणि ल्यूथरन यांच्या संयुक्त घोषणेचा मसुदा तयार झाल्यावर जर्मन प्रॉटेस्टंट प्राध्यापकांनी मोठ्या संख्येने त्याला विरोध केला. १९९८ मध्ये रोमनेही आक्षेप नोंदवले. नीतिमान ठरलेला माणूस एकाच वेळी पापीही असतो हे ल्यूथरचे म्हणणे कॅथलिक शिकवणुकीशी जुळत नाही, हा त्यांतला मुख्य. मग जोडपत्र लिहिले गेले, वाक्ये पुन्हा घासली गेली, आणि ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्गमध्ये कॅथलिक चर्च आणि ल्यूथरन जागतिक महासंघ यांनी सह्या केल्या. या घोषणेत मांडलेल्या ल्यूथरन शिकवणुकीवर ट्रेंटचे धिक्कार लागू होत नाहीत, आणि कॅथलिक शिकवणुकीवर ल्यूथरनांचे. २००६ मध्ये मेथॉडिस्ट त्यात आले, २०१६ मध्ये अँग्लिकनांनी आशयाला मान्यता दिली, २०१७ मध्ये रिफॉर्म्ड चर्चेसनी विटेनबर्गमध्ये सही केली. सगळे मिटले असे कोणी म्हणत नाही, मीही नाही. पण ‘वाद नको’ म्हणणाऱ्यांच्या हाती हा विषय राहिला असता तर वांद्र्याचा कॅथलिक आणि अहिल्यानगरचा मेथॉडिस्ट आजही एकमेकांवर सोळाव्या शतकातलेच धिक्कार ठेवून बसले असते.

याउलट, जिथे खरोखर विरोध करायला हवा तिथेही हा सल्ला आपल्याला मुका करतो. काही मंडळ्या कॅथलिकांना पुन्हा बाप्तिस्मा देतात. लहानपणी डोक्यावर घातलेले पाणी गेले वाया, आता पूर्ण बुडून घ्या, असे सांगतात. हे चूक आहे असे मी कोणालाही तोंडावर सांगेन. कॅथलिक चर्च मेथॉडिस्टाने, ल्यूथरनाने, सीएनआयच्या पाळकाने पाण्याने आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने दिलेला बाप्तिस्मा खरा मानते. त्यांच्यातला कोणी कॅथलिक झाला तर त्याला तो पुन्हा दिला जात नाही. ही उदारता अलीकडची नाही. उत्तर आफ्रिकेतल्या डोनाटसपंथीयांशी ऑगस्टीन यांचा जो दीर्घ वाद झाला त्यातून ती पक्की झाली: संस्कार देणाऱ्याच्या पावित्र्यावर टिकत नाही, ख्रिस्तावर टिकतो. ट्रेंटनेही तेच म्हटले, प्रॉटेस्टंटांशी संघर्ष ऐन भरात असताना.

पण पुन्हा बाप्तिस्मा देणाऱ्यांचा प्रश्न हसण्यावारी नेता येणार नाही. ज्याला अजून बोलता येत नाही त्याच्या वतीने विश्वास दुसऱ्याने कसा कबूल करायचा? जानेवारी १५२५ मध्ये झुरिकमध्ये काही तरुणांनी हा प्रश्न विचारून एकमेकांना बाप्तिस्मा दिला. दोन वर्षांनी त्यांच्यातल्या फेलिक्स मान्झला प्रॉटेस्टंट नगरसभेने लिमात नदीत बुडवून मारले. त्याच वर्षी मायकेल साटलर या पूर्वाश्रमीच्या बेनेडिक्टाइन साधूला कॅथलिक सत्तेने जाळले. म्हणजे बालबाप्तिस्म्याच्या बाजूने ल्यूथर, झ्विंग्ली, कॅल्व्हिन आणि रोम एकत्र, आणि समोर ही मूठभर माणसे. ‘प्रॉटेस्टंट म्हणतात’ असे सरसकट बोलणाऱ्या कॅथलिकाला हे माहीत नसते. १९७० च्या २९ नोव्हेंबरला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले तेव्हा त्यात अँग्लिकनही होते आणि बाप्टिस्टही. दोन्ही प्रथांना त्यांनी एकाच चर्चमध्ये जागा दिली, पण त्याआधी कित्येक वर्षे वाटाघाटी केल्या. तो तोडगा आपल्याला पटो वा न पटो, ती कागदपत्रे मराठी कॅथलिकाने वाचावीत अशी आहेत. आपल्याच राज्यात घडलेली गोष्ट आहे.

त्यांची पुस्तके वाचू नका, हे तर मराठीत पाळणेच अशक्य. मराठीतल्या ख्रिस्ती साहित्याचा मोठा वाटा प्रॉटेस्टंटांनी उभा केला आहे. १८११ साली सेरामपूरहून विल्यम कॅरी यांनी मराठी नवा करार छापला. बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ चे. ‘ज्ञानोदय’, रेव्हरंड टिळकांची भजने, लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’; हे सारे बाजूला काढले तर मराठी ख्रिस्ती माणसाच्या हाती उरते काय? आपल्या बाजूने फादर स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ आहे, १६१६ चे, आणि मध्ये मोठी पोकळी टाकून फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचे ‘सुबोध बायबल’. स्टीफन्स हे स्वतः इंग्लंडचे, राणी एलिझाबेथच्या राज्यात जेसुइट असणे हा देहदंडाचा गुन्हा ठरत गेला त्या काळचे. पंथभेदाची झळ त्यांना पुस्तकातून शिकावी लागली नव्हती. त्यांनी गोव्यात बसून लिहिलेल्या पुराणाची थोरवी पुढे प्रॉटेस्टंट मराठी वाचकांनीही मानली. त्यांनी आपले वाचले. आपण त्यांचे वाचण्यात भिण्यासारखे काय आहे?

राहिला तिसरा मुद्दा, एकोप्याचा. याचे आजचे रूप जास्त मवाळ आणि म्हणून जास्त धोक्याचे आहे. सगळे एकच, देव एकच, फरक माणसांनी केले, सोडून द्या. असे बोलणारा कॅथलिक स्वतःला दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा वारस समजतो. तिचा २१ नोव्हेंबर १९६४ रोजी आलेला एकतेविषयीचा हुकूमनामा त्याने उघडावा. परिषद म्हणते की शिकवण पूर्णपणे आणि स्पष्ट मांडली पाहिजे, खोट्या सलोख्याइतके एकतेच्या विरुद्ध दुसरे काही नाही. तिथेच ती हेही शिकवते की सगळ्या सत्यांचे वजन सारखे नसते. काही मुळाशी जवळची, काही दूरची. त्रैक्य आणि ख्रिस्ताचे देवत्व एकीकडे, नोव्हेना कोणत्या दिवशी करायची हे दुसरीकडे. कुठे ताणायचे आणि कुठे सोडायचे याचे माप परिषदेने आपल्याला दिले आहे. ते वापरायचे तर बोलावे लागेल.

प्रश्न विचारणाऱ्याला अधिकार दाखवून गप्प केले की काय होते, हे पंडिता रमाबाईंच्या पत्रव्यवहारात वाचावे. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा अँग्लिकन चर्चमध्ये बाप्तिस्मा झाला. पुढच्या काळात त्यांनी त्रैक्याविषयी, ख्रिस्ताच्या देवत्वाविषयी, चर्चच्या अधिकाराविषयी शंका विचारल्या. वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांचा सूर आज्ञापालनाचा होता: चर्च सांगते ते माना. चेल्टनहॅमच्या शिक्षिका डोरोथिया बील यांनी मात्र या विदुषीच्या शंका शंका म्हणून घेतल्या आणि युक्तिवादाने उत्तरे लिहिली. रमाबाई बील यांच्याशी मोकळेपणी बोलत राहिल्या. जेराल्डिन यांच्याशी त्यांचे संबंध ताणले गेले. सिस्टरांचे प्रेम कमी नव्हते, शिकवणही परंपरेला धरून होती. उत्तर द्यायची तयारी तेवढी नव्हती. रमाबाई ख्रिस्ती राहिल्या, केडगावला मुक्ती मिशन उभारले, हिब्रू आणि ग्रीकमधून एकटीने सबंध बायबल मराठीत आणले, पण कोणत्याही एका चर्चच्या शिस्तीत त्या पुन्हा नीट बसल्या नाहीत. एवढी मोठी बाई हुकमाने बांधता आली नाही, आणि आपण आपल्या पदवीधर मुलींना ‘विचारू नकोस’ म्हणून चर्चमध्ये ठेवू पाहतो.

एका ठिकाणी उत्तर ‘नाही’ असेच आहे, आणि तिथे गप्प राहण्याचा मोह सर्वांत जास्त होतो. नवरा कॅथलिक, बायको सीएनआयची. मुंबईत, पुण्यात अशी जोडपी किती तरी आहेत. रविवारी दोघे मिस्सेला येतात, तो ख्रिस्तशरीर घ्यायला पुढे जातो, ती बाकावर बसून राहते. काही फादर डोळेझाक करतात. बरेच जण काहीच न बोलता तिला ओलांडून जातात. ती विचारते, माझा बाप्तिस्मा तुम्ही खरा मानता, मग मला ही भाकर का नाही? तिला सांगितले पाहिजे की आमच्या दृष्टीने ख्रिस्तशरीर हे चर्चच्या पूर्ण ऐक्याचे चिन्ह आहे. की पोप तेरावे लिओ यांनी १८९६ मध्ये अँग्लिकन दीक्षा अवैध ठरवल्या आणि तो निर्णय अजून उठलेला नाही. की चर्चच्या कायद्याच्या ८४४ व्या कलमात मरणाच्या धोक्यासारख्या प्रसंगी काही सवलत आहे, रोजच्यासाठी नाही. मग तिचे उत्तर ऐकले पाहिजे, कारण ते बळकट आहे: ऐक्य साधण्यासाठीच हे अन्न दिले असेल तर ऐक्य साधल्यावरच ते द्यायचे हे कसे? नोव्हेंबर २०१५ मध्ये रोमच्या ल्यूथरन चर्चमध्ये अशाच एका पत्नीने पोप फ्रान्सिस यांना सगळ्यांसमोर हे विचारले. परवानगी देण्याचे धाडस मी करणार नाही, प्रभूशी बोला आणि पुढे जा, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. मला ते उत्तर अपुरे वाटते. नियम तसाच ठेवून भार त्या बाईच्या मनावर टाकणारे वाटते. पण प्रश्न जाहीरपणे विचारला गेला आणि पोपने तो टाळला नाही, हे आमच्या पॅरिशमध्ये अजून घडायचे आहे.

दरवर्षी १८ ते २५ जानेवारी ख्रिस्ती ऐक्यासाठी प्रार्थनासप्ताह असतो. आपण एकत्र गातो, वाचने वाटून घेतो, चहा पितो. येत्या जानेवारीत एक संध्याकाळ वेगळी ठेवा. सीएनआयच्या पाळकांना, मेथॉडिस्टांना, बोलायला तयार असतील तर बिलिव्हर्सच्या पास्टरनाही बोलवा, आणि कॅथलिक कुठे चुकतात ते आमच्या चर्चच्या सभागृहात, आमच्या लोकांसमोर, तासभर सांगायला लावा. मध्ये कोणी तोडू नका. मग आमच्या फादरांनी आणि धर्मशिक्षकांनी एकेका मुद्द्याला उत्तर द्यावे. विषय पहिल्याच वर्षी सोपा घेऊ नका. बाकावर बसून राहणाऱ्या त्या पत्नीचा प्रश्न घ्या, आणि तो तिलाच विचारू द्या.